विरारच्या पुढची तार

[डहाणू रोड. फलाटावर दिवे, बाहेर काळोख.]

या टोपलीवरचं गोणपाट अजून ओलं आहे. खालून थेंब गळतोय आणि फलाटाच्या टोकापर्यंत बारीक रेघ उमटत गेली आहे. लगेजचा डबा कुठे लागतो, हे इथे कुणी विचारत नाही. गाडी यायच्या आधीच पाट्या नेमक्या त्या जागी मांडून झाल्यात.

शेजारी चिकू. चिकू झाडावर पिकू देत नाहीत. कडक असतानाच उतरवायचा, त्याचा चीक धुवायचा, आकार बघून निवडायचा आणि गाडी गाठायची. पुढचं पिकणं वाटेत किंवा बाजारात. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खोक्यावर तसं काही लिहिलेलं नाही.

[गाडी सुटते. डब्यातून दिसणाऱ्या तारा.]

आता वर बघा. गोष्ट रुळांची कमी आणि या तारेची जास्त आहे.

रूळ इथे केव्हाचे आहेत. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचं काम गुजरातेत सुरू झालं आणि तिथून ते खाली मुंबईकडे आलं. 1864 च्या नोव्हेंबरात गाडी ग्रँट रोडला लागली. 12 एप्रिल 1867 पासून विरार ते बॅकबे, म्हणजे मुंबईतलं तेव्हाचं स्टेशन, अशी रोजची लोकल सुरू झाली. सकाळी एक जायची, संध्याकाळी एक परत यायची. आजचा विरारकर हे ऐकून हसेल.

1928 मध्ये बोरिवलीपर्यंत विजेवरची गाडी आली, 1936 मध्ये ती विरारला पोचली आणि तिथेच थांबली. पुढली 77 वर्षं लोकल म्हणजे विरारपर्यंतच. त्यापलीकडच्या माणसाने शटल पकडायची, नाहीतर लांब पल्ल्याच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळते का बघायचं.

विरारच्या पुढे वीज नव्हती असं नाही. तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते, आणि पुढे रुळांवर तारही आली. पण तारेतली वीज वेगळ्या जातीची होती. मुंबईच्या बाजूला 1500 व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी; विरारच्या पुढे 25000 व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी. दोन्हींच्या मध्ये काही अंतर बिनविजेच्या तारेचं. दोन्ही विजांवर चालणारं इंजिन तिथे वीज तोडायचं, गाडी आपल्या वेगावर पलीकडे सरकायची, आणि मग दुसरी वीज घ्यायची. मेल-एक्सप्रेसचं असं भागलं. जुन्या लोकलला फक्त डीसी कळायची. तिला विरारचा फलाट म्हणजे वेशीवरचा मारुती.

म्हणून आधी मुंबईची तार बदलावी लागली. हे काम धंदा बंद ठेवून करता येत नाही. दिवसभर लोकल धावत्या ठेवायच्या आणि रात्रीच्या मोजक्या तासांत तार, खांबावरचे इन्सुलेटर, सिग्नलची यंत्रणा, कमी उंचीच्या पुलांखालचं अंतर, एकेक करून 25000 व्होल्टला लायक करायचं. टप्प्याटप्प्याने होत होत 2012 मध्ये चर्चगेटपर्यंतची तार एसी झाली. पुढच्याच वर्षी, 16 एप्रिल 2013 ला, डहाणू लोकल धावली. चर्चगेट ते डहाणू रोड, 124 किलोमीटर.

[बोईसर. गाडी उभी.]

इथे उलटी गर्दी. तारापूर एमआयडीसीत पाळीवर येणारे उतरतात, मुंबईला जाणारे चढतात.

आपली गाडी अजून उभीच. मागून येणाऱ्या एक्सप्रेसला वाट द्यायची आहे. कुणी पेपर उघडतो, कुणी खिडकीला डोकं टेकवतो, सिग्नलकडे कुणी बघतसुद्धा नाही. बोरिवली ते विरार चार रूळमार्ग आहेत. विरार ते डहाणू दोनच, एक जायचा, एक यायचा. त्याच दोनवर राजधानी, मालगाडी, मेमू म्हणजे विजेवरची पॅसेंजर, आणि लोकल. वेळापत्रकात लोकल वाढवा म्हणणं सोपं आहे. वाढवायची कुठे?

[पालघर.]

सातपाटीच्या बाया इथे चढतात. सातपाटीचं पापलेट, म्हणजे सरंगा, 2023 मध्ये राज्याचा मासा झाला. राज्यमासा मात्र लगेजच्या डब्यातच. गाडी थांबते तेवढ्यात एकीने खालून पाटी उचलून द्यायची, दुसरीने आत ओढायची. बोलणं नाही, फक्त "घे", "दे".

विक्रमगड-जव्हारकडचा मोगराही याच वाटेने जातो. तो कळीतच खुडतात. दादरला पोचेपर्यंत मिटलेला राहिला पाहिजे. उमललेल्या फुलाला बाजारात मान नाही. आता बोईसरला गेलेली मिनिटं मोजा.

[सफाळ्याच्या पुढे. वैतरणेचा पूल, दोन्ही बाजूंना पाणी.]

इथे गाडीचा आवाज बदलतो. डब्यातली बडबडही थोडी खाली येते.

रुळाच्या कडेने चालणारी ती माणसं वाढीवची. खाडीने वेढलेलं गाव, आणि स्टेशन गाठायला हा रेल्वेचा पूल. यात जीव गेलेले आहेत.

विरार ते डहाणू तिसरा आणि चौथा मार्ग, 64 किलोमीटर, एमयूटीपी-3 मध्ये, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात, 2016 ला मंजूर झाला. हे भराव, हे नवे खांब त्याचेच. वाटेत खारफुटी आली, कुणाची जमीन आली. पण पहाटे पाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचारा, ती आधी एकच विचारते: गाड्या कधी वाढणार?

[विरार.]

काही गाड्या इथेच संपतात. त्यातल्यांनी टोपल्या उचलून दुसरी लोकल गाठायची. आपली पुढे जाणारी आहे. दार भरतं. चिकूच्या खोक्यावर कुणीतरी बॅग ठेवतो, कुणीतरी ती काढायला लावतो.

[दादर. फूलबाजार.]

गोणीची दोरी सुटते. वरचा ओला कपडा बाजूला होतो. व्यापारी मूठभर मोगरा उचलतो, तळहातावर पसरतो.

कळ्या मिटलेल्या आहेत.