टोर्नॅडोच्या मागे धावणाऱ्यांची जत्रा | नॉर्मन, ओक्लाहोमा

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ जरा लांबणार आहे, कारण विषयच तसा आहे आणि मला तो घाईत उरकायचा नाहीये. अमेरिकेत टोर्नॅडोच्या मागे गाडी घेऊन जाणारे लोक असतात, स्टॉर्म चेसर्स म्हणतात त्यांना, तुम्ही त्यांच्या क्लिप्स बघितल्या असतीलच, समोर काळाकुट्ट ढग, गाडीत आरडाओरडा, वायपर फटाफट चाललेत. पण हीच माणसं वर्षातून एकदा शांत हवेत एका मैदानात जमतात तेव्हा काय करतात, काय बोलतात, ते फार कुणी दाखवत नाही. आम्ही डॅलसला राहतो, तिथून उत्तरेला साधारण तीन तासांवर ओक्लाहोमातलं नॉर्मन, आणि तिथे नॅशनल वेदर फेस्टिव्हल भरतो. तर या वेळी आम्ही सगळे गेलो, आई पण वर्ध्याहून आलेली होती, तिलाही घेतलं.

आणि सुरुवातीलाच सांगते, मला तिथे सगळ्यात जास्त काय भिडलं. वादळाचे फोटो तर होतेच, पण ती माणसं सारखी एकाच गोष्टीवर येत होती, की मागे कधी फिरायचं. किती जवळ गेलो हे नाही, कुठून निघालो हे. ते का, ते पुढे कळेल.

आधी टोर्नॅडो म्हणजे काय ते दोन मिनिटांत. आपल्याकडे वादळ म्हटलं की डोळ्यासमोर निसर्ग येतं, ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेलं. तसलं चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं, ते येतंय हे दोन-तीन दिवस आधी माहीत असतं. टोर्नॅडोचं तसं नाही. तो एका ढगाखाली जन्मतो, बऱ्याचदा शे-दोनशे मीटर रुंद असतो, काही मिनिटं टिकतो आणि संपतो, आणि लोकांना इशारा मिळाल्यापासून हातात साधारण दहा-पंधरा मिनिटं असतात, कधी तेवढीही नाही. त्यामुळे इथे एक-एक मिनिट महत्त्वाचं.

आता तो ओक्लाहोमातच एवढा का होतो? तर दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखाताची दमट गरम हवा येते, पश्चिमेकडच्या उंच रखरखीत भागातून कोरडी हवा येते, दोन्ही जिथे भिडतात त्या रेषेला ड्रायलाइन म्हणतात, चेसर लोक दुपारभर त्या रेषेच्या जवळपास कुठल्यातरी पेट्रोल पंपावर बसून वाट बघतात. आता जमिनीजवळ वारा हळू आणि वेगळ्या दिशेने, वरती जोरात आणि वेगळ्या दिशेने, त्यामुळे मधली हवा पोळपाटावर लाटणं फिरावं तशी आडवी फिरायला लागते, आणि वर चढणारी गरम हवा त्या आडव्या लाटण्याला उभं करते. मग अख्खा ढगच फिरायला लागतो. त्याला सुपरसेल म्हणतात. सगळ्या सुपरसेलमधून टोर्नॅडो होत नाही, कमीच होतात, आणि कुठल्यातून होईल हे नेमकं आधी सांगणं अजूनही जमलेलं नाही. म्हणून तर ही सगळी धावपळ.

फेस्टिव्हल भरतो ती जागा म्हणजे नॅशनल वेदर सेंटर. ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीच्या आवारातली मोठी बिल्डिंग आहे, २००६ मध्ये उघडली. अख्ख्या अमेरिकेसाठी टोर्नॅडो वॉच, म्हणजे टोर्नॅडो होऊ शकतो अशी आगाऊ सूचना, काढणारं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर इथेच, वादळांवर संशोधन करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा इथेच, आणि मिटिऑरॉलॉजी, म्हणजे हवामानशास्त्र, शिकणारी पोरंही इथेच. एरवी आत बघायचं तर आधी बुकिंग करून टूर घ्यावी लागते, फेस्टिव्हलच्या दिवशी दारं उघडी. प्रवेश फुकट.

आणि हे सगळं नॉर्मनलाच का, त्याचीही एक गोष्ट आहे, मला फार आवडते. इथून जवळच टिंकर नावाचा एअरफोर्सचा तळ आहे. २० मार्च १९४८ ला तिथे टोर्नॅडो आला, विमानांचं प्रचंड नुकसान झालं. तेव्हा अमेरिकन हवामान खातं अंदाजात टोर्नॅडो हा शब्द वापरायलाच नको म्हणायचं, लोक घाबरतील म्हणून. तळावरच्या फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी जुने नकाशे काढून अभ्यास केला, आणि पाचच दिवसांनी, २५ मार्चला, बघतात तर नकाशा डिट्टो तसाच. त्यांनी अंदाज दिला. विमानं हलवली, माणसं सुरक्षित जागी नेली, आणि संध्याकाळी खरंच टोर्नॅडो आला, त्याच तळावर! टोर्नॅडोचा पहिला यशस्वी अंदाज म्हणून तो ओळखला जातो. मी हे मुलाला गाडीत सांगितलं तर तो म्हणाला, आणि आलाच नसता तर? बरोबर प्रश्न आहे. नसता आला तर कदाचित पुढची कित्येक वर्षं कुणी हिंमत केली नसती.

चला, आता मैदानात. पार्किंगच्या एका भागात चेसर्सच्या गाड्या ओळीने लावलेल्या, तो कार शो. ही गर्दी! लहान पोरं बॉनेटवर चढायला बघतायत, आया ओढतायत. गाड्या म्हणजे काही चिलखती राक्षस असतात असं वाटतं ना व्हिडिओ बघून, तशा एक-दोन असतात, पण बहुतेक साध्या एसयूव्ही आणि पिकअप. टपावर वारा-तापमान मोजायचं यंत्र, आत रेडिओ, लॅपटॉपचा स्टँड, आणि काचांवर जाळी. ही जाळी गारांसाठी.

एका करड्या पिकअपपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. मालक साठीच्या पुढचा, कॅनव्हासची टोपी, खुर्ची टाकून बसलेला. बॉनेटवर इतके खड्डे होते की सपाट जागा शोधावी लागली असती, आणि प्रत्येक खड्ड्याच्या कडेला रंगाला बारीक तडे गेलेले. आईने एका खड्ड्यात तळहात ठेवला, तो पूर्ण बसला. तिने २०१४ ची गारपीट बघितलेली आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात झाली होती ती, गहू, हरभरा, संत्री सगळं झोपलं होतं. ती मला म्हणाली, "विचार न त्याले, घरचे काही म्हणत नाही काय?" मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला की बायकोची एकच अट आहे, बेसबॉलएवढ्या गारा पडतायत असं रडारवर दिसलं की त्या भागात घुसायचं नाही, आणि हा खड्डा ती अट घालायच्या आधीचा आहे. मग त्याने आईला २०१० मध्ये साउथ डाकोटातल्या व्हिव्हियनला पडलेल्या गारेबद्दल सांगितलं, व्यास ८ इंच, वजन जवळपास पाऊण-एक किलोच्या मधलं, अमेरिकेतला रेकॉर्ड आहे तो. आई दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, शेतात माणूस असलं तर?

वादळाच्या पोटात गारा आणि पावसाचा जो जाड पडदा असतो, त्यातून गाडी घालण्याला चेसर लोक कोअर पंचिंग म्हणतात. पलीकडे टोर्नॅडो असला तर तो दिसत नाही, एकदम समोर येतो. जुने चेसर नव्या पोरांना पहिल्यांदा हेच सांगतात, करू नको.

दुसरं बघण्यासारखं म्हणजे हवामानाचा फुगा सोडतात तो. विद्यार्थी पोरं फुगवतात, खाली दोरीला छोटी हलकी डबी, तापमान, आर्द्रता, दाब मोजते आणि जीपीएसवरून वारा कळतो. मिनिटाला साधारण ३०० मीटर वर चढतो, वर हवेचा दाब कमी तसा फुगत जातो, आणि ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो, मग पॅराशूटने डबी खाली. आणि हे फक्त अमेरिकेत नाही हं, जगभर ठरावीक वेळेला दिवसातून दोनदा सोडतात, भारतीय वेळेने पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी. आपल्या नागपूर आणि मुंबईतूनही सोडतात. आईला हे माहीत नव्हतं, वर्ध्यापासून तासा-दीड तासावर हे रोज चालतं आणि आपल्याला पत्ताच नाही. चेसर लोक सकाळी उठल्या-उठल्या आधी या फुग्याचा आलेख बघतात, कारण त्यावरून कळतं की हवेत ऊर्जा किती साठली आहे आणि मध्ये उबदार हवेचा थर आहे का, ज्याला कॅप म्हणतात. कॅप जास्त पक्का असला तर खालची गरम हवा वर चढतच नाही, दिवसभर ऊन आणि निळं आकाश, शेकडो मैल गाडी चालवून हात हलवत परत. त्याला बस्ट म्हणतात, आणि बस्टच जास्त होतात.

आता थोडं या लोकांबद्दल. डेव्हिड होडली नावाच्या माणसाने १९५६ मध्ये नॉर्थ डाकोटात एकट्याने वादळांच्या मागे जायला सुरुवात केली, ना रडार ना मोबाइल, आणि १९७७ मध्ये त्यानेच स्टॉर्म ट्रॅक नावाचं नियतकालिक काढलं, ज्यातून विखुरलेले हे लोक एकमेकांना सापडले. आणि शास्त्रज्ञांशी नातं म्हणाल तर २४ मे १९७३, ओक्लाहोमातली युनियन सिटी. नॉर्मनच्या टीमने जमिनीवरून टोर्नॅडो सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅमेऱ्यात घेतला, त्याच वेळी नॉर्मनचं डॉपलर रडार, म्हणजे ढगातला वारा मोजणारं रडार, तेच वादळ मोजत होतं. नंतर दोन्ही शेजारी ठेवून बघितलं तर टोर्नॅडो जमिनीवर यायच्या आधीच ढगात त्याची खूण दिसत होती! आज सगळ्या अमेरिकेत जे डॉपलर रडारचं जाळं आहे त्याचा पाया अशा कामातून पडला. म्हणजे डोळ्यांनी बघणारा कुणीतरी तिथे उभा असणं लागतंच, रडारला जमिनीलगतचं दिसत नाही.

आणखी एक संमेलन म्हणजे चेसरकॉन, फक्त चेसर्सचं. टिम समारास आणि रॉजर हिल यांनी १९९८ मध्ये सुरू केलं, आधी घरगुतीच होतं, मग मोठं होत गेलं, बरीच वर्षं डेन्व्हरला फेब्रुवारीत भरायचं, म्हणजे टोर्नॅडोचा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर. टिम समारास इंजिनिअर होते, स्वतः शिकलेले. त्यांनी जमिनीला चिकटून बसणारं बसकं शंकूसारखं यंत्र बनवलं, वारा त्याला उचलू शकत नाही असं, आणि २४ जून २००३ ला साउथ डाकोटातल्या मँचेस्टरला ते टोर्नॅडोच्या वाटेत ठेवून पळाले. यंत्रावरून टोर्नॅडो गेला. आत हवेचा दाब १०० मिलिबारने उतरलेला नोंदला गेला, असं मोजमाप त्याआधी कुणालाच मिळालं नव्हतं.

आणि हाच माणूस, या क्षेत्रातला सगळ्यात सावध म्हणून ज्याचं नाव घेत, तो ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रिनोला गेला. बरोबर मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग. तिघेही मारले गेले. त्या दिवशी टोर्नॅडो काही मिनिटांत फुगत ४.२ किलोमीटर रुंद झाला, आजवरचा सगळ्यात रुंद, पावसात लपलेला, आणि त्याने अचानक वळण घेतलं. त्यात अकराच दिवस आधी मूर गावात २४ माणसं गेली होती, त्यामुळे लोक धास्तावून गाड्या घेऊन बाहेर पडलेले, हायवे जाम. टोर्नॅडोने चेसर मारला गेल्याची ती पहिली घटना मानतात. दोन दिवसांनी चेसर लोकांनी मिळून जीपीएसच्या ठिपक्यांनी नकाशावर तिघांची आद्याक्षरं उमटवली.

म्हणून सुरुवातीला म्हटलं ना, मागे कधी फिरायचं. नॉर्मनला एका तंबूत चार-पाच चेसर एल रिनोचा नकाशा टेबलावर पसरून बसले होते, मिनिटामिनिटाचा, इथे ही गाडी होती, इथून रस्ता कच्चा होतो, इथे दक्षिणेला उतरायला फाटा होता आणि पुढे दोन मैल नाही. एक विशी-बाविशीचा पोरगा मान घालून लिहून घेत होता. इतकी वर्षं झाली तरी ते हेच करतात, दर वेळी. मला ते फार मोठं वाटलं. आणि म्हणूनच आजकाल जे व्ह्यूजसाठी लाइव्ह करत टोर्नॅडोच्या अंगाशी जातात, रस्ते अडवतात, ॲम्ब्युलन्सला जागा देत नाहीत, त्यांचा मला राग येतो, आणि तिथल्या जुन्या माणसांनाही येतो.

त्यांच्याकडून कळलेल्या दोन गोष्टी, अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी. एक, हायवेवर असताना टोर्नॅडो दिसला तर पुलाखाली थांबायचं नाही. सुरक्षित वाटतं पण नाही, तिथे वाऱ्याबरोबर उडणारा पत्रा-लाकूड थेट अंगावर येतं, ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेली तीन माणसं गेली. दोन, घरात असाल तर सगळ्यात खालचा मजला, आतली खोली, खिडकी नको, आणि मुलांना सायकलचं हेल्मेट घाला. आमच्या जिन्याखालच्या कपाटात आता चार हेल्मेट, बूट आणि टॉर्च ठेवलेत, परत आल्यावर पहिलं काम तेच केलं.

कुणाला जायचं असेल तर फेस्टिव्हल साधारण ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, शनिवारी असतो. सकाळी लवकर पोचा, दुपारनंतर आवरायला लागतात. आतल्या कॅफेचं नाव फ्लाइंग काऊ आहे, मुलांना दाखवा. आणि ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी हवामान खात्याचे स्कायवॉर्न स्पॉटरचे क्लास बघा, सीझनच्या आधी होतात, फुकट असतात, ढगात नेमकं काय बघायचं आणि कुणाला कळवायचं ते शिकवतात. मी नाव घातलंय, आणि आई असेपर्यंत क्लास लागला तर ती पण येणार म्हणतेय.