डिस्क वरच्या मजल्यावर होती

[दृश्य: पहाट, कृष्णेचा घाट, मागे आयर्विन पूल]

सांगलीत पावसाळ्यात नदी फुटांनी मोजतात. आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हापासून नदीकाठच्या या छोट्या वाचनालयात एक रीत पडली आहे. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली, की जुनी मासिकं, नोंदवह्या आणि कॉम्प्युटरला जोडलेली डिस्क वरच्या मजल्यावर हलवायची. त्या डिस्कवर जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं आहेत.

गेल्या पावसाळ्यात डिस्क वर गेली, पण पाणी काही चढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल मॅडमचा फोन आला.

"सर, काल कॉम्प्युटर नीट बंद केला होता ओ. आज उठेनाच झालाय."

[दृश्य: काळा पडदा, त्यावर सरकणारे सेकंद]

पडद्यावर सेकंद मोजले जात होते. एक मिनिट तीस सेकंदांवर मोजणी थांबली आणि ‘इमर्जन्सी मोड’ अशी अक्षरं उमटली.

हा कॉम्प्युटर जुना आहे, त्यावर डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम मी बसवलेली. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचा प्रोग्राम जागा होतो आणि ग्रबला, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, शोधतो. ग्रब कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत आणतो, कर्नल मुख्य डिस्क ओळखतो आणि सगळ्यात पहिला प्रोग्राम सुरू करतो. त्याचा क्रमांक कायम 1. बाकीचं सगळं या एक नंबरवाल्याच्या हाताखाली चालतं. आज बहुतेक लिनक्समध्ये तो मान सिस्टीमडीकडे आहे. 2010 मध्ये तो आला, 2015 मध्ये डेबियनने आठव्या आवृत्तीत तो कायमचा घेतला. त्याआधीच्या पद्धतीत कामं बरीचशी एकामागून एक व्हायची. सिस्टीमडी जमतील तेवढी एकदम सुरू करतो आणि कुठलं काम कुणासाठी थांबलंय याचा हिशेब ठेवतो.

अडलं ते याच हिशेबात. कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी ‘एफएसटॅब’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. दिवाळी अंकांची डिस्क मी त्या यादीत घातली होती, पण ती नसली तरी चालेल असं लिहिलं नव्हतं. सिस्टीमडीने 90 सेकंद वाट पाहिली आणि पुढे जायला नकार दिला. मला त्याचं वागणं बरोबर वाटतं. यादीतली डिस्क गायब असताना काहीच झालं नाही असं दाखवून पुढे जाणारा कॉम्प्युटर जास्त धोक्याचा.

इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा, म्हणजे मुख्य मालकाचा, पासवर्ड लागतो. बसवताना मी तो रिकामा सोडला होता. तसं केलं की डेबियन रूटचं खातं कुलूपबंद करतं आणि रोजच्या खात्याला ‘सुडो’चा, म्हणजे गरजेपुरतं रूटच्या हक्काने काम करण्याचा, अधिकार देतं. एरवी ही सोय चांगली आहे. त्या सकाळी मात्र मालकाला आत जायला दार उरलं नाही.

[दृश्य: कीबोर्डवर बोटं]

एक वाट होती. ग्रबच्या यादीवर ‘ई’ दाबलं, कर्नलच्या ओळीच्या शेवटी सिस्टीमडीऐवजी थेट बॅश, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा घेणारा प्रोग्राम, सुरू करायला सांगितलं, कंट्रोल आणि एक्स दाबलं. क्षणात मी आत, सगळ्या अधिकारांसह. मुख्य डिस्क लिहिण्यासाठी उघडली, एफएसटॅबच्या त्या ओळीत ‘नोफेल’, म्हणजे डिस्क नसली तरी चालेल, हा एक शब्द घातला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. वाचनालय नेहमीच्या वेळेला उघडलं.

घरी जाताना मात्र मन शांत नव्हतं. मला आत जाताना कुणी पासवर्ड विचारलाच नव्हता. मग तो दुसऱ्या कुणालाही विचारला जाणार नव्हता. लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड मागितला जातो, शॅडो फाइलमधल्या हॅशशी, म्हणजे तिथे साठवलेल्या पासवर्डच्या सांकेतिक रूपाशी, ताडून पाहिला जातो, हे सगळं खरं. पण तो पडदा येण्याच्या कितीतरी आधी, ग्रबपाशीच, दार उघडं होतं. आणि याच कॉम्प्युटरवर सभासदांचे पत्ते होते, फोन नंबर होते.

मॅडमबरोबर बसून आम्ही नव्याने ठरवलं. वाचायला येणाऱ्यांना पासवर्डचा त्रास नको. त्यात पंचाहत्तरीचे आजोबा आहेत, पाचवीतल्या पोरी आहेत. म्हणून लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या लाइटडीएमच्या फाइलमध्ये ऑटोलॉगिनसमोर ‘वाचक’ हे नाव लिहिलं. बटण दाबलं की थेट पुस्तकं. या खात्याला सुडो नाही.

ग्रबला पासवर्ड लावला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नुसता पासवर्ड लावला तर ग्रब रोज सकाळी सुरू होतानाच तो मागतो. नेहमीच्या नोंदीला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ असं लिहिलं, की सुरू करायला मोकळीक राहते आणि बदल करायलाच पासवर्ड लागतो.

तरीही कुणी मुख्य डिस्कच काढून नेली तर? त्याला ग्रब काय करणार? म्हणून सभासदांची नोंद लक्स या लिनक्समधल्या सोयीने कूटबद्ध केलेल्या, म्हणजे परवलीच्या शब्दाशिवाय वाचता न येणाऱ्या, वेगळ्या भागात ठेवली. तो भाग सुरू होताना आपोआप उघडत नाही. मॅडम कामाला बसल्या की आपला परवलीचा शब्द टाकून उघडतात, उठताना बंद करतात. रूटलाही पासवर्ड दिला, तो बंद पाकिटात वरच्या कपाटात आहे.

[दृश्य: वाचनालय, खिडकीबाहेर पाऊस]

या जुलैत पुन्हा विसर्ग वाढला, डिस्क पुन्हा वर गेली. सकाळी आजोबांनी बटण दाबलं. कॉम्प्युटर न थांबता उघडला, दिवाळी अंकांचं फोल्डर तेवढं रिकामं.

"मॅडम, अंक कुठं गेलं?"

"वर आहेत आजोबा. पाणी उतरलं की आणते खाली."