आंब्याखाली काय लावावं?

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत अंगण उरलं नाही म्हणतात, पण सोसायटीच्या मागच्या बाजूला, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक पट्टा असतोच. पाण्याचा पंप तिथेच, ड्रेनेजची चेंबरं तिथेच, आणि बिल्डरच्या तावडीतून वाचलेला एखादा आंबा, फणस नाहीतर बदामही तिथेच. ऊन सकाळी जरासं डोकावतं आणि निघून जातं. तिथं काहीच जगत नाही, ही प्रत्येक कमिटीची तक्रार. तर आज त्या पट्ट्याविषयी, म्हणजे सावलीत जमीन झाकणाऱ्या, बाराही महिने हिरव्या राहणाऱ्या झाडांविषयी बोलू या.

बाराही महिने, हे मी मुद्दाम म्हणतोय. पावसाळ्यात मुंबईत हिरवं होण्यात कसलं कौतुक? चार महिन्यांत 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पाइपाच्या सांध्यातूनसुद्धा नेचे फुटतात. पण तेरडा भाद्रपद संपता संपता माना टाकतो. हळद आणि ती रंगीबेरंगी पानांची कॅलेडियम थंडीच्या सुमारास पानं गाळून कंदात झोपी जातात. थंड देशांत सदाहरित झाडाची कसोटी हिवाळ्यात लागते, आपल्याकडे ती लागते मे महिन्यात. मे महिन्यात जे हिरवं, ते खरं हिरवं.

आणि दुसरी गोष्ट, सावलीत लॉन होत नाही. पुन्हा सांगतो, सावलीत लॉन होत नाही. गवत हे उन्हाचं लेकरू. रोज चार-पाच तास थेट ऊन मिळालं नाही की ते विरळ होतं, पिवळं पडतं आणि पहिल्या मोठ्या पावसात त्याचा चिखल होतो.

यावर मुलुंडची एक गोष्ट आहे. मी ती बऱ्याच ठिकाणी सांगितलेली आहे. ज्यांनी ऐकली असेल त्यांनी तेवढ्यात चहा टाकून यावं.

माझी थोरली बहीण तिथं एका जुन्या सोसायटीत राहते. मागं एक दांडगा आंबा. सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेले, शिस्तीचे. त्यांच्या मनानं घेतलं की आंब्याखाली हॉटेलात असते तशी हिरवळ करायची. टेम्पो आला, मेक्सिकन गवताचे चौकोन उतरले, माळ्यानं ते फरशी बसवावी तसे बसवले. सर्वांत ज्येष्ठ सभासदांच्या हस्ते नारळ वाढवला, तोही बाहेर उभं राहून, कारण आधी पाटी लागली होती, 'हिरवळीवर चालू नये'. ऑगस्टपर्यंत हिरवळ गेली, शेवाळ आलं, पाटी तेवढी राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा टेम्पो, पुन्हा गवत, पुन्हा चिखल. मग वार्षिक सभेत ठराव आला की इथं पेव्हर ब्लॉक टाकून प्रश्न कायमचा मिटवावा. (सोसायट्यांच्या सभांना हल्ली बटाटेवड्याऐवजी वेफर्सची पुडी देतात. उपस्थिती का रोडावली याचं उत्तर मला तरी त्यातच दिसतं. असो.)

त्याच सुमारास फळ्यावर नोटीस लागली. 'काही सभासद खिडकीतून मागील बाजूस पाला-कचरा टाकत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर प्रकार न थांबल्यास दंड आकारण्यात येईल.' काही सभासद म्हणजे कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. त्यांच्या ग्रिलमध्ये झेब्रिनाच्या टांगत्या कुंड्या. त्या वेली वाढून दुसऱ्या मजल्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर यायच्या, खालच्या वहिनी कुरकुरायच्या, मग आजी कात्री घेऊन कचाकच कापायच्या आणि तुकडे सरळ खाली सोडून द्यायच्या. "खाली मातीच तर आहे," हे त्यांचं म्हणणं. वॉचमनला झाडायला सांगितलं होतं, पण भर पावसात मागच्या बाजूला झाडू मारायला कोण जातंय!

गणपती झाले. पेव्हर ब्लॉकचा कंत्राटदार टेप घेऊन माप काढायला आला. सेक्रेटरी पुढे, कमिटी मागे, आणि माझी बहीण आपली कढीपत्त्याचं निमित्त काढून तिथं हजर. बघतात तर चेंबरपासून आंब्याच्या बुंध्यापर्यंत जमीन दिसतच नाही! सगळीकडे जांभळी-रुपेरी पानं. झेब्रिनाचं पान तुम्ही हातात घेऊन बघितलंय का कधी? वरून दोन चकचकीत चंदेरी पट्टे, मधे हिरवट-जांभळी रेघ, आणि उलटवलं की खालून गर्द वांगी रंग. कंत्राटदारानं टेप ठेवायला एक फांदी उचलली, ती येईना. प्रत्येक पेराला पांढरी मुळं सुटून मातीत रुतलेली. तो म्हणाला, "साहेब, हे उपटायचं का ठेवायचं, ते आधी ठरवा."

सेक्रेटरींनी आवाज चढवला, "हे इथं लावलं कुणी?"

वरून, तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलमधून उत्तर आलं, "लावलं नाही हो, टाकलं!"

पेव्हर ब्लॉकचा विषय तिथेच बारगळला. आणि चार दिवसांनी फळ्यावर नवी नोटीस, तीच भाषा, तीच सही. 'तिसऱ्या मजल्यावरील सभासदांना विनंती करण्यात येते की, पाला-कचरा यापुढे पंपाच्या बाजूलाही टाकावा.' खाली आजींनी पेन्सिलीनं लिहिलं, 'दंड आधी माफ करावा.'

आता वेळ थोडा राहिलाय, तर भराभर सांगतो. सावलीत जमीन झाकायला अशी झाडं निवडा जी पेरापेराला मुळं धरत पसरतात. झेब्रिना झालीच. ऱ्हिओ, वरून हिरवा खालून जांभळा, तो असा धावत नाही, शेजारी पिल्लं काढून गर्दी करतो, पण उन्हाळा छान काढतो. स्पायडर प्लांट दोऱ्यांना पिल्लं सोडत जातो. सिंगोनियम आणि मनी प्लांट जमिनीवरही उत्तम पसरतात, फक्त झाडावर चढू लागले की बुंध्यापासून छाटायचे. ज्यांना गवतासारखंच काही हवं, त्यांनी मोंडो ग्रास लावावं. ते खरं गवत नाही, म्हणून सावलीत टिकतं. वाढतं मात्र सावकाश, सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा.

माझी लाडकी म्हणाल तर पिंपळी. त्रिकटूतली, सुंठ-मिरी-पिंपळी म्हणतो ती. पश्चिम घाटातल्या ओलसर जंगलात ती मोठ्या झाडांखालीच सरपटत वाढते, हृदयाच्या आकाराची पानं, गर्द हिरवी. आपल्याच मातीतली असून नर्सरीत मात्र विचारून, शोधून घ्यावी लागते.

पिवळ्या फुलांची वेडेलिया कुणी फुकट दिली तरी मी घेणार नाही. उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून आलेली ही वेल जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे. एकदा सुटली की आवरत नाही. आणि झेब्रिना, सिंगोनियम कापताना हातमोजे घाला, चिकानं काहींना खाज सुटते. लहान मुलांना नि कुत्र्या-मांजरांना ती चघळू देऊ नका.

लावायचं कसं? पहिला पाऊस नीट लागू द्या. आधी डेब्रिज, टाइल्सचे तुकडे वेचून काढा. झाडाच्या मुळांत कुदळ घालायची नाही. वरून दोन बोटं माती नि शेणखत पसरा, पण बुंध्यावर ढीग नको, बुंधा कुजतो. तीन-चार पेरांचे तुकडे, वीतभर अंतरावर, निम्मे मातीत. पडलेला पाला झाडून जाळू नका, तो तिथेच राहू द्या, त्यानंच माती भुसभुशीत होते. आणि बुंध्याभोवती सिमेंट ओतणाऱ्यांनी निदान हातभर जागा मोकळी सोडावी. झाडांना दिवाळीत लाइटच्या माळा खिळ्यांनी ठोकणं हा एक वेगळाच विषय आहे, त्यावर मी बोलायला लागलो तर बातम्यांची वेळ होईल.

डास होतील, हा आक्षेप सभेत येणारच. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालच्या बशा, फेकलेले टायर, गच्चीवरचे डबे आधी रिकामे करा. जमिनीत मुरलेल्या पाण्यात त्याची अळी जगत नाही.

पाणी पावसाळ्यात लागत नाही. मार्च ते मे मात्र आठवड्यातून दोन-तीनदा, संध्याकाळी, माती बोटभर खोल ओली होईल एवढं. सोसायटीची टाकी धुतात त्या दिवशी ते पाणी गटारात न सोडता पाइप लावून मागच्या पट्ट्यात सोडा. त्यात क्लोरीनची पावडर घातलेली असेल, तर मात्र तेवढं गटारातच जाऊ द्या.

नमस्कार.