प्रतिवादी: एक व्हिडिओ गेम

(पडद्यावर: शाळेचा रिकामा व्हरांडा. सकाळ.)

१ डिसेंबर १९९७. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली हीथ हायस्कूल. वर्ग भरण्याआधी काही मुलं-मुली प्रार्थनेसाठी जमली होती. प्रार्थना संपत आली आणि १४ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तीन मुली गेल्या. पाच जण जखमी झाले.

त्या तिघींच्या आईवडिलांनी १९९९ मध्ये दावा लावला. प्रतिवादी होते 'डूम', 'क्वेक' यांसारख्या गेमच्या कंपन्या, एका चित्रपटाचे निर्माते आणि काही अश्लील वेबसाइट. मागणी होती ३ कोटी ३० लाख डॉलरची.

या आईवडिलांचं म्हणणं नीट ऐकायला हवं. मुलगा खेळ पाहून बिथरला, एवढंच ते म्हणत नव्हते. या खेळांनी त्याला नेम धरायला शिकवलं. बंदूक हाती घेणाऱ्याला जो संयम शिकवतात, तो मात्र शिकवला नाही, असं ते म्हणत होते. म्हणजे हा मालच सदोष. मग सदोष माल विकणाऱ्यावर जी जबाबदारी येते, ती यांच्यावर का नको?

२००२ मध्ये अपील न्यायालयाने उत्तर दिलं. निकाल लिहिला न्यायाधीश डॅनी बॉग्ज यांनी. खेळातल्या कल्पना आणि चित्रं म्हणजे 'माल' नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. दुसरा मुद्दा अधिक वजनाचा होता. पडद्यावरच्या पात्रांवर गोळ्या झाडणारे लाखो आहेत. वर्गात माणसांवर झाडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग हा मुलगा असं करेल, हे कंपनीला आधी कसं कळावं? दावा फेटाळला गेला.

कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये १९९९ च्या गोळीबारात मारल्या गेलेल्या शिक्षकाच्या कुटुंबाचा गेम कंपन्यांवरचा दावाही त्याच वर्षी फेटाळला गेला. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की व्हिडिओ गेमलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. वाट जवळजवळ बंद झाली.

मला केंटकीचा निकाल योग्य वाटतो. पण त्या मुलाने बंदूक शेजाऱ्याच्या गॅरेजमधून चोरली होती, ही गोष्ट मनातून जात नाही. त्यातच २००५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून बंदूक कंपन्यांना अशा बहुतेक दाव्यांपासून कवच दिलं.

त्या कवचाला एक फट होती: जाहिरात. कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेत २०१२ मध्ये झालेल्या गोळीबारातल्या मृतांच्या कुटुंबांनी तिथेच बोट ठेवलं. त्या गोळीबारात वापरलेली रायफल तरुणांपुढे कशी मांडली गेली, हा त्यांचा प्रश्न होता. २०२२ मध्ये रेमिंग्टन या बंदूक कंपनीविरुद्धचा तो दावा ७ कोटी ३० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला.

(पडद्यावर: टेक्सास. युवाल्डी गाव.)

२४ मे २०२२ ला इथल्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, कुटुंबांनी 'कॉल ऑफ ड्यूटी' या युद्धाच्या व्हिडिओ गेमच्या कंपनीवर दावा लावला. आता आरोप वेगळा आहे. खेळातून एका खऱ्या रायफलची ओळख करून दिली गेली, अल्पवयीन मुलांना तिची ओढ लावली गेली, असं ही कुटुंबं म्हणतात. कंपनीने सहवेदना व्यक्त केली आणि उत्तर दिलं की लाखो लोक हे खेळ खेळतात आणि असं काही करत नाहीत. केंटकीचंच उत्तर. पण यावेळी प्रश्न तो नाही.

हल्लेखोर १६ मे रोजी १८ वर्षांचा झाला. दुसऱ्याच दिवशी त्याने कायदेशीरपणे रायफल घेतली. वाढदिवसापासून त्या वर्गापर्यंत आठ दिवस.