राजवाड्याजवळचं कोर्ट

[पहाट. कृष्णाकाठ, पलूस तालुका. उसातून जाणारी पाणंद.]

ऑगस्ट 2019. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. त्या आठवड्यात पाणी 57 फुटांवर गेलं. इथं, या घरात, ते पत्र्याला टेकलं होतं. माणसं बोटीतून बाहेर पडली. पलंगाखालची लोखंडी ट्रंक घरातच राहिली. पाणी ओसरल्यावर ती उघडली, तेव्हा आत नुसता कागदांचा लगदा होता. जमिनीचे उतारे, मुलाचा दाखला, आणि घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे घटस्फोट दिल्याचा कोर्टाचा लेखी हुकूम.

ज्यांचा हा हुकूमनामा, त्यांचं नाव आम्ही सांगणार नाही, चेहराही दाखवणार नाही. त्यांची तशी इच्छा आहे. हिंदू विवाह कायद्याचं 22वं कलमही तेच सांगतं. असे खटले बंद खोलीत चालवायचे आणि त्यांचं कामकाज परवानगीशिवाय छापायचं नाही. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं हे खरं. तरी कायद्यानं धरलेला हा आडोसा आम्हाला मोलाचा वाटतो. त्यांना आम्ही मावशी म्हणतो. तुम्हीही म्हणा.

[तहसील कार्यालयाबाहेरची रांग.]

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला 1500 रुपये मिळतात. घटस्फोट झाला आणि पोटगी मिळत नाही, अशा बाईला त्यात अर्ज करता येतो. मावशींनी केला. खिडकीतून एकच वाक्य आलं : "कोर्टाची ऑर्डर जोडा."

मावशी तासगावला गेल्या. त्यांचं गाव आज पलूस तालुक्यात आहे, पण केस चालली तेव्हा पलूस तालुकाच नव्हता. इकडची गावं तासगावात होती, तशी आजच्या कडेगावची खानापुरात. त्यामुळं जुन्या केसचा शोध घेताना आजचा तालुका सांगून भागत नाही, तेव्हाचा तालुका आठवावा लागतो. आजीच्या काळातलं प्रकरण असेल तर जिल्हाही बदलतो. 1949 ते 1960 या काळात सांगली जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं.

मावशींना हे पक्कं ठाऊक होतं. चुलत भावाच्या गाडीवर बसून त्या थेट तासगावलाच गेल्या. तिथं विचारलं गेलं, "केस नंबर?"

नंबर त्यांना कोणी कधी सांगितलाच नव्हता.

[जुनी नोंदवही. पानं उलटणारा हात.]

कोर्टातली नोंदवही नावावर चालत नाही. ती वर्षावर आणि नंबरावर चालते. ज्या साली केस दाखल झाली त्या सालची वही, त्यात क्रमानं नंबर, नंबरासमोर अर्जदार आणि सामनेवाले. नंबर आणि साल माहीत असलं की अर्ध्या तासाचं काम. ते माहीत नसेल, तर एकेक पान उलटायचं. बाईच्या हातात नंबर नसतो, कारण सगळे कागद वकिलांच्या कपाटात असतात. वकील वारले की कपाट रिकामं होतं, किंवा घरचे ते रद्दीत घालतात. असं आम्ही एकापेक्षा जास्त घरांत ऐकलं आणि दर वेळी मनाला लागलं. केस बाईची, सही बाईची, आणि नंबर मात्र तिला सोडून सगळ्यांना माहीत.

ही गोष्ट आणखी खटकते, कारण विवाह कायद्याच्या 23व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत नवरा आणि बायको दोघांनाही कोर्टानं विनामूल्य द्यायची. 1976 पासून ही तरतूद आहे. आम्ही ज्या बायकांशी बोललो, त्यांतल्या एकीलाही ती माहीत नव्हती.

[मावशींचं अंगण. तांदूळ निवडणारे हात.]

साल कसं काढायचं? मावशींना सन आठवत नव्हता. त्या म्हणाल्या, "थोरला चौथीत हुता. त्याची स्कॉलरशिपची परीक्षा अन् माझी तारीख एकाच आठवड्यात आली." मुलाच्या शाळेत जनरल रजिस्टर होतं. त्यावरून चौथीचं वर्ष निघालं : 1996-97. गावाकडं काळ असाच मोजतात. दुष्काळ, पूर, लेकरू कितवीत होतं. शोधणाऱ्यानं त्या आठवणीला हसू नये, तिचा हात धरून सन गाठावा.

तासगावला 1996 आणि 1997 च्या वह्या बघितल्या. मावशींचं नाव निघालं. पण ते होतं पोटगीच्या अर्जात. घटस्फोटाचा पत्ता नव्हता.

इथं बहुतेक माणसं थकतात. "रेकॉर्ड न्हाई म्हनत्यात," असं म्हणून घरी येतात. कागद मात्र असतो, दुसऱ्या दारात.

पोटगीचा अर्ज तालुक्याच्या फौजदारी कोर्टात, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं चालायचा. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125 कलम. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला आणि त्याचं 144 झालं. घटस्फोटाची याचिका मात्र दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडं. तालुक्याच्या गावात बहुतेकदा कनिष्ठ स्तराचं कोर्ट असतं, त्याला तो अधिकार नसतो. जिथं कौटुंबिक न्यायालय आहे, तिथं ही दोन्ही कामं एका छपराखाली आली आहेत. 1984 च्या कायद्याचा हेतूच तो होता. पण जुन्या केसेस इथं असं न्यायालय येण्याआधीच्या. त्यामुळं एकाच संसाराच्या दोन फायली दोन गावांत पडून असतात, आणि एकीवर दुसरीचा नंबर असेलच असं नाही.

आम्ही विचारलं, "मावशी, तासगाव सोडून दुसरीकडं कुठं सही केली होती का?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "राजवाड्याजवळ एक मोठं कोर्ट हुतं. तितं एकदाच नेलं हुतं मला. भावानं भडंग घेऊन दिलं."

[सांगली, राजवाडा चौक. रहदारी.]

सांगलीचं जिल्हा कोर्ट तेव्हा इथं, राजवाडा परिसरात भरायचं. आता ते विजयनगरच्या मोठ्या इमारतीत आहे. जी इमारत मावशींना आठवत होती, तिथं आता कोर्ट नाही. पण त्या आठवणीनं नेमकं दार दाखवलं. केस नवऱ्यानं दाखल केली होती, मावशी माहेरी राहत होत्या, म्हणून ती माहेरच्या जिल्ह्यात लागली. त्यांचं सासर कराडकडचं. केस कराडला असेल, असं समजून आम्ही आधीचे दोन दिवस वाया घालवले होते.

केस कुठं लागेल हे लग्न कुठं झालं, दोघं शेवटी एकत्र कुठं राहिले, आणि ज्याच्याविरुद्ध केस आहे तो कुठं राहतो यावर ठरतं. 2003 पासून बायकोला ती स्वतः राहते तिथंही दाखल करता येते. त्या आधी ही सोय नव्हती. पाटण-जावळीकडचा नवरा मुंबईत माथाडी कामगार असेल, विटा-आटपाडीकडचा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात परराज्यात असेल, तर फाईल कुठल्या कुठं असू शकते. म्हणून आधी हे विचारायचं की केस कोणी केली आणि तेव्हा कोण कुठं राहत होतं.

एक कडू गोष्ट इथंच सांगायला हवी. कितीतरी बायका ज्या कागदाच्या शोधात फिरतात, तो कोर्टात कधी झालेलाच नसतो. चार पंच बसले, स्टॅम्पपेपरवर काडीमोड लिहिली, दोघांचे अंगठे घेतले, आणि बाईला वाटत राहिलं की कोर्टात झालं. ज्या समाजात अशी रूढी आहे आणि ती सिद्ध करता येते, तिथं विवाह कायद्यानं तिला जागा ठेवली आहे. बाकी ठिकाणी तो कागद घटस्फोट ठरत नाही. म्हणून दारोदार फिरण्याआधी घरात एकदा नीट विचारा : समन्स आलं होतं का? साहेबांपुढं उभं राहिलात का? समन्स बजावणारा कोर्टाचा बेलिफ घरी आला होता का?

[नक्कल विभागाची खिडकी. रांगेत तीन-चार माणसं.]

निकाल लागलेल्या केसचे कागद कोर्टाच्या टेबलावर राहत नाहीत. ते अभिलेख कक्षात जातात, बस्त्यात बांधून. मावशींच्या केसचं साल कळल्यावर तिथल्या भाऊसाहेबांनी दोन वर्षांच्या नोंदी बघितल्या. दुसऱ्या वहीत नाव निघालं. ते माहेरच्या आडनावानं होतं. सासरच्या आडनावानं शोधत राहिलो असतो, तर आजही तिथंच बसलो असतो.

मग नकलेचा अर्ज. कोर्ट फी स्टॅम्प, केस नंबर, कुठले कागद हवेत ते. फक्त निकालपत्र मागू नका, हुकूमनामा वेगळा मागा. रोजनामाही घ्या, प्रत्येक तारखेला काय झालं ते त्यात असतं. मावशी स्वतः पक्षकार, म्हणून नक्कल हा त्यांचा हक्क. मुलगा आईसाठी गेला तर नातं दाखवावं लागतं. तिऱ्हाइताला कारण सांगून न्यायाधीशांचा हुकूम घ्यावा लागतो, आणि घरातल्या भांडणाच्या कागदांना ते योग्यच आहे. काही जण माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतात. कोर्टाच्या कागदांची नक्कल कोर्टाच्या नियमांनीच घ्यायची, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलंय. तो रस्ता धरला तर नुसता वेळ जातो.

अलीकडची केस असेल तर मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप आहे. प्रत्येक केसला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो भिंतीवर कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवा. मावशींच्या काळातली केस मात्र त्या ॲपवर मिळेलच असं नाही.

उशीरही फार करू नये. कोर्टातले सगळेच कागद कायम ठेवत नाहीत. 1917 च्या कायद्यानुसार उच्च न्यायालय नियम करतं आणि मुदत संपलेले कागद नष्ट केले जातात.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन 15100.

[एसटी. खिडकीशी मावशी, मांडीवर पिशवी.]

सही-शिक्क्याची नक्कल हातात आली, त्या दिवशी मावशींनी ती एसटीत आमच्याकडून वाचून घेतली. पूर्ण. नवऱ्यानं काय लिहिलं, साहेबांनी काय लिहिलं. मधे एका ठिकाणी त्या म्हणाल्या, "हे मी बोललेच न्हाई कवा." आम्ही थांबलो. "वाचा," म्हणाल्या.

उतरल्यावर तीन झेरॉक्स काढल्या. एक तहसीलच्या अर्जाला. एक मुलाकडं. मूळ नक्कल प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून भाचीकडं पाठवली, विट्याला. तिथवर कृष्णेचं पाणी येत नाही.