हात उचलला जाण्याच्या आधी

नमस्कार. पालकांना आधार देणाऱ्या कार्यक्रमांमुळे मुलांचा छळ आणि आबाळ खरंच थांबते का, या प्रश्नाचं उत्तर मी सुरुवातीलाच देऊन टाकते. थांबू शकते, पण प्रत्येक कार्यक्रमाने नाही आणि प्रत्येक घरात नाही. फरक कशाने पडतो, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

१९६२ साली अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या एक्स-रेमध्ये वेगवेगळ्या वेळी मोडलेली, कुठे ताजी तर कुठे जुळत आलेली हाडं दिसत होती आणि घरचे सांगत होते, "पडला." हे पडण्याने झालेलं नाही, मारण्याने झालेलं आहे, असं त्या लेखाने डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. पुढे पाच-सहा वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत अशा घटना कळवणं बंधनकारक करणारे कायदे झाले. ते व्हायलाच हवे होते. पण ही सगळी यंत्रणा हलते ती मुलाला इजा झाल्यावर. माझा जीव अडकलाय तो त्याच्या आधीच्या काळात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाच वर्षांखालची सुमारे ४० कोटी मुलं, म्हणजे दहातली सहा, आईवडिलांकडून किंवा सांभाळणाऱ्यांकडून नेहमी मार तरी खातात किंवा मानसिक छळ तरी सोसतात. इतक्या घरांतली माणसं दुष्ट आहेत असं मानायला मी तयार नाही. त्यातली बहुतेक माणसं थकलेली असतात, एकटी पडलेली असतात, आणि मारण्याखेरीज दुसरं काय करायचं हे त्यांना कोणी कधी करून दाखवलेलं नसतं.

तान्ह्या बाळाच्या रडण्याचंच बघा. जन्मानंतर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास रडणं वाढू लागतं, दुसऱ्या महिन्यात अगदी टोकाला जातं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतं. निरोगी बाळसुद्धा तास-तास रडतं. पोट भरलेलं असतं, लंगोट कोरडा असतो, कडेवर घेतलेलं असतं, तरी रडतं. रात्रीचे दोन वाजलेत, तीन रात्रींची झोप नाही, आणि "मला साधं बाळ शांत करता येत नाही" या विचाराने आई किंवा बाप आतून पेटलेला आहे. अशा वेळी कोणीतरी बाळाला दंडाला धरून गदागदा हलवतं. काही सेकंदांचा प्रकार असतो. मेंदूत रक्तस्राव होतो, दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. यावरचा उपाय सांगायला एक मिनिट लागतं. बाळाला पाठीवर, सुरक्षित जागी, पाळण्यात ठेवा. खोलीबाहेर जा, दार लोटा. पाच-दहा मिनिटं श्वास घ्या, कोणाला तरी फोन करा, मग परत येऊन बघा. रडण्याने बाळाला इजा होत नाही, हलवण्याने होते.

हे प्रसूतीनंतर दवाखान्यातच आईवडिलांना समजावून सांगायचं, असा प्रयोग न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात झाला. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले आणि अशा इजांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं. सगळ्यांना आनंद झाला. मग तीच पद्धत पेनसिल्व्हेनियात राज्यभर वापरली गेली आणि तिथे ही घट काही दिसली नाही. म्हणून हे सांगणं बंद करावं असं मी अजिबात म्हणणार नाही. पण दवाखान्यातून बाहेर पडताना ऐकलेली माहिती रात्री दोन वाजता हाताला आवर घालेलच, याची खात्री धरता येत नाही. आपल्याकडचे बरेचसे 'पालक मेळावे' इथेच अडकतात. वक्ता तासभर सांगतो, पालक माना डोलावतात, घरी गेल्यावर सगळं जिथल्या तिथे.

याच्या नेमकं उलट काम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात सुरू केलं. आई किंवा वडील मुलाबरोबर एका खोलीत खेळत बसतात, कानात छोटा इअरफोन असतो. एकतर्फी काचेच्या पलीकडून प्रशिक्षक बघत असतो आणि हळू आवाजात सांगत असतो. मूल ठोकळ्यांचा मनोरा रचतंय. आई विचारते, "हा कुठला रंग? इथे का ठेवलास? तो मोठा का नाही घेतलास?" कानात आवाज येतो, "प्रश्न नकोत. तो काय करतोय तेवढंच बोला." आई अडखळते, मग म्हणते, "तू लाल ठोकळा वर ठेवलास." मूल वर बघतं. "छान, आता त्याचं कौतुक करा, कशाचं ते नीट सांगून." "किती सांभाळून ठेवलास!" आणि मूल पुढचा ठोकळा आईच्या हातात देतं. असा रोज पाच मिनिटांचा खेळ घरीही करायचा असतो.

पुढच्या टप्प्यात शिस्त येते. "नीट वाग" म्हणायचं नाही, कारण चार वर्षांच्या मुलाला त्यातून काय करायचं ते कळत नाही. "ठोकळे डब्यात ठेव" असं म्हणायचं. एकदाच, शांतपणे. पाच सेकंद थांबायचं. ऐकलं तर लगेच शाबासकी. नाही ऐकलं तर पुढे काय करायचं तेही ठरलेलं असतं, त्यामुळे आवाज चढवायची किंवा हात उगारायची वेळ येत नाही.

हे श्रीमंतांचे चोचले वाटतील, म्हणून सांगते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांनी मुलांना मारल्याचं अधिकृतपणे नोंदलं गेलं होतं असे ११० पालक घेतले होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली. नेहमीच्या पालक-गटात गेलेल्यांपैकी ४९ टक्क्यांविरुद्ध पुन्हा मारहाणीची तक्रार आली. केवळ कानात आवाज ऐकत सराव केलेल्यांमध्ये हे प्रमाण १९ टक्के होतं. पाठपुरावा दोन वर्षांहून अधिक काळाचा होता. ज्यांना समाजाने 'वाया गेलेले' म्हणून सोडून दिलेलं असतं, त्या आईवडिलांबद्दल आपण बोलतोय, हे लक्षात घ्या.

आता घरभेटी. डेव्हिड ओल्ड्स या संशोधकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या गावी ४०० गर्भवती स्त्रियांना घेऊन अभ्यास सुरू केला. बहुतेक वयाने लहान, गरीब किंवा अविवाहित. त्यांतल्या एका गटाच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत नर्स जात राहिली. तीच नर्स, तेच घर. पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा या घरांमध्ये मुलांच्या छळाच्या आणि आबाळीच्या सिद्ध झालेल्या तक्रारी इतरांच्या मानाने जवळपास निम्म्या होत्या. इंग्लंडमध्ये मात्र याच पद्धतीच्या मोठ्या अभ्यासात मुख्य अपेक्षांपैकी काहीच साधलं नाही. तिथे सगळ्याच आयांना घरभेटीची सार्वजनिक सेवा आधीपासून मिळत होती. म्हणजे जिथे काहीच नाही, तिथे एका नर्सचं येणं फार मोठं ठरतं. पैसा कुठे घालायचा हे ठरवणाऱ्यांनी यावर विचार करावा. स्वस्त पर्यायही आहेत: जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि विद्यापीठांनी मिळून गरीब देशांसाठी तयार केलेलं गटसत्रांचं साहित्य मोफत उपलब्ध आहे आणि ते स्थानिक कार्यकर्ते चालवू शकतात.

एल्मायराच्या अभ्यासातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. २००० साली त्याच कुटुंबांची माहिती पुन्हा तपासली गेली. ज्या घरांत आईलाच वारंवार मारहाण होत होती, तिथे नर्सच्या भेटींचा मुलांना होणारा हा फायदा दिसेनासा झाला होता. दोन वर्षं नर्स येत राहिली, तरीही. मार खाणाऱ्या बाईला खेळातून शिस्त कशी लावायची ते शिकवत बसणं मला क्रूरपणाचं वाटतं. आणि बहुतेक कार्यक्रमांत पुरुष फिरकतच नाहीत, कारण सत्रं दुपारी ठेवलेली असतात आणि निमंत्रण फक्त आईला जातं. सत्र संध्याकाळी ठेवा, वडिलांना नावाने बोलवा.

घरभेटीला जाणाऱ्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात मी एक गोष्ट आग्रहाने घालायला लावते. पहिल्या काही भेटींतच आईला एकटीला गाठून विचारायचं, "घरात कोणी तुमच्यावर हात उचलतं का?" दुसरं कोणी ऐकत असेल तर विचारायचं नाही, पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं. उत्तर 'हो' आलं तर त्या दिवसाचा ठरलेला पाठ बाजूला ठेवायचा. तिला आज रात्री घरात थांबणं सुरक्षित वाटतं का, नसेल तर ती आणि मुलं कुठे जाऊ शकतात, मदतीचा नंबर तिने कुठे लपवून ठेवायचा, हे आधी बोलायचं. ठोकळ्यांचा खेळ पुढच्या आठवड्यात शिकवता येईल.