जवळची खूण, दूरचं जनुक

नमस्कार, नाशिककर श्रोतेहो. सुरगाणा, पेठ भागातल्या सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार) असलेल्या कुटुंबांना उपयोगी पडेल असा विषय आज घेतला आहे: पोटातल्या बाळाची जनुक-तपासणी कधी फसू शकते.

वडिलांकडून येणारं गुणसूत्र अखंड आजोबांचं किंवा अखंड आजीचं क्वचितच असतं. शुक्राणू तयार होताना दोघांची गुणसूत्रं शेजारी येतात, एसपीओ-११ हे प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे तोडतं आणि तुटलेलं सांधताना काही ठिकाणी तुकड्यांची अदलाबदल होते. शुक्राणूत अशा अदलाबदली सरासरी २६ च्या आसपास. अंड्यात त्याहून बऱ्याच जास्त.

त्या सगळीकडे सारख्या होत नाहीत, आणि खरी मेख इथेच आहे. बहुतेक अदलाबदली एक-दोन हजार अक्षरांच्या (म्हणजे डीएनएच्या एकेका घटकाच्या) चिंचोळ्या पट्ट्यांत होतात. त्यांना हॉटस्पॉट म्हणतात. पीआरडीएम-९ नावाचं प्रथिन ठरावीक अक्षरक्रम ओळखून तिथे बसतं आणि जागा नेमून देतं, हे २०१० मध्ये स्पष्ट झालं. या प्रथिनाचे प्रकार माणसागणिक वेगळे असतात, त्यामुळे हॉटस्पॉटही थोडे बदलतात. पुरुषांत अदलाबदल गुणसूत्रांच्या टोकांकडे जास्त होते. गुणसूत्रबिंदूजवळ, म्हणजे गुणसूत्राच्या चिमटलेल्या भागाजवळ, ती स्त्री-पुरुष दोघांतही जवळजवळ नसते.

आता अकराव्या गुणसूत्रावरचं बीटा-ग्लोबिन जनुक घ्या. त्यातल्या बिघाडामुळे सिकलसेल आणि बीटा प्रकारचा थॅलेसेमिया होतो. सरासरी दहा लाख अक्षरांच्या अंतरात अदलाबदलीची शक्यता साधारण एक टक्का. पण या जनुकाच्या अगदी शेजारी, नऊ-एक हजार अक्षरांच्या टापूत, हॉटस्पॉट आहे. थॅलेसेमियाचा नेमका बिघाड सापडला नाही, तर जवळच्या खुणांवरून (डीएनएतल्या, माणसागणिक वेगळ्या असणाऱ्या जागांवरून) जनुकाची सदोष प्रत कुठे गेली ते ताडतात. खूण हॉटस्पॉटच्या पलीकडची असेल, तर ती बाळात आली तरी सदोष जनुक आलंच असं नाही. म्हणून जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा तपासाव्या लागतात. एका बाजूची आजोबांची आणि दुसऱ्या बाजूची आजीची निघाली, तर मधे अदलाबदल झाली हे कळतं; मग त्या अहवालावरून निर्णय घेऊ नये.

सिकलसेलमध्ये ही अडचण येत नाही. तिथे एकच अक्षर बदललेलं असतं, ए च्या जागी टी, आणि ते थेट तपासता येतं. आई-वडील दोघंही वाहक (जनुकाची एकच प्रत सदोष असलेले) असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. बाळाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना साधारण अकराव्या आठवड्यापासून घेता येतो, त्यामुळे दोघांच्या रक्ताची तपासणी त्याआधीच उरकून घ्या. थॅलेसेमियात खुणांवरून तपासायचं असेल, तर आधीच्या आजारी मुलाचं रक्तही लागतं. अहवाल हाती आला की डॉक्टरांना विचारा: तपासणी थेट बिघाडाची आहे की खुणांची? खुणांची असेल, तर एका बाजूच्या की दोन्ही?